पहाटे चारचा गजर लावून फौजी शिस्त का येत नाही? लष्कराकडून उचलायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत

दरवर्षी १ जानेवारी उजाडली की रील्सवर एकच लाट येते. पहाटे चारला उठा, गार पाण्याने अंघोळ करा, मोबाईल लांब ठेवा, फौजीसारखं जगा. मागे दणदणीत संगीत आणि पुढे घामाने निथळत पळणारा पिळदार माणूस. बघणारा भारावतो, गजर लावतो, चार दिवस उठतोही. पाचव्या दिवशी गजर बंद होतो आणि 'आपल्यात तेवढी इच्छाशक्तीच नाही' असं म्हणून विषय संपतो.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. कारण शिस्तीसाठी लष्कर जवानाच्या इच्छाशक्तीवर फारसं अवलंबून राहतच नाही.

खडकवासल्याच्या एनडीएत किंवा साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये राहून आलेल्या कुणालाही विचारा. आज उठायचं की नाही, हा प्रश्न तिथे पडतच नाही. उठायची वेळ ठरलेली, कपडे ठरलेले, बूट कुठे ठेवायचे ते ठरलेलं, फॉल-इनची जागा ठरलेली. शेजारच्या खाटेवरचा उठलेला असतो, हजेरी होणार असते आणि गैरहजर राहिलेला लगेच कळतो. म्हणजे सकाळचे दहा-बारा निर्णय आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेले असतात. घरी तेच निर्णय आपण एकट्याने, अर्धवट झोपेत, अंधारात घ्यायला जातो. मग उशी जिंकते.

परिस्थितीची ही ताकद किती मोठी असते, याचं एक गाजलेलं उदाहरण लष्करातलंच आहे, पण वाईट सवयीचं. १९७१ च्या सुमारास व्हिएतनाममधले अमेरिकी सैनिक मोठ्या संख्येने हेरॉइन घेत असल्याचं उघड झालं आणि अमेरिकेत घबराट पसरली. ही व्यसनी पोरं घरी आली की काय होणार? ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. व्हिएतनाममध्ये आपल्याला व्यसन लागलं होतं, असं पाचातल्या जवळपास एकाने सांगितलं. पण घरी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी जेमतेम पाच टक्के पुन्हा व्यसनात अडकले. याला इतरही कारणं होती, पण युद्धभूमी, तिथले सोबती आणि सहज मिळणारा माल हे सगळं मागे राहिल्यावर सवयीचा आधारच गेला, हे त्यातलं मोठं कारण मानलं जातं.

चांगल्या सवयीचंही तसंच असतं. अकादमीत बिगुलावर उठणारा मुलगा सुट्टीत घरी आल्यावर दहापर्यंत लोळतो, म्हणून आईने नाराज व्हायचं कारण नाही. त्याची शिस्त खोटी नाही, तिची अर्धी यंत्रणा बराकीत राहिली आहे इतकंच.

म्हणून नक्कल करायची तर यंत्रणेची करावी. बूट आणि कपडे रात्रीच दाराशी काढून ठेवायचे, फोनचा चार्जर दुसऱ्या खोलीत न्यायचा, मैदानावर कुणीतरी वाट बघत उभं राहील अशी सोय करायची. यातली शेवटची सगळ्यात जास्त उपयोगी पडते. अमेरिकी सैन्यात नव्या भरतीला थेट 'बॅटल बडी' जोडून देतात. आपल्याकडे भरतीची तयारी करणारी गावाकडची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात, तीही बहुतेकदा घोळक्यानेच. एकटं पळणं त्यांनाही जड जातं.

आता अंथरुणाकडे येऊ. अमेरिकी नौदलाचे अ‍ॅडमिरल विल्यम मॅकरेव्हन यांनी मे २०१४ मध्ये टेक्सास विद्यापीठात पदवीदान समारंभाचं भाषण केलं. ओसामा बिन लादेनविरुद्धच्या २०११ च्या मोहिमेची सूत्रं त्यांच्याकडे होती. जग बदलायचं असेल तर सुरुवात अंथरूण नीट आवरण्यापासून करा, असा त्यांचा सल्ला होता. भाषण व्हायरल झालं, २०१७ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि तेही तुफान खपलं. दिवसाचं पहिलं काम पूर्ण झालं की दुसऱ्याला हात घालणं सोपं जातं, असं त्यामागचं गणित. सल्ला वाईट नाही. फक्त नौदलाच्या सील प्रशिक्षणात ते अंथरूण रोज सकाळी प्रशिक्षक येऊन तपासायचे, हा तपशील रील बनवताना गळून जातो.

खरं तर लष्कराकडून सामान्य माणसाने घ्यावी अशी सगळ्यात मोलाची गोष्ट अंथरूणही नाही आणि गजरही नाही. ती आहे कागदाचा एक साधा तुकडा.

३० ऑक्टोबर १९३५. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट फील्डवर बोइंगच्या चार इंजिनांच्या नव्या बॉम्बर विमानाची लष्करासमोर चाचणी होती. विमान उडालं, वर चढलं आणि कोसळलं. चाचणी वैमानिक मेजर हिल आणि बोइंगचे लेस्ली टॉवर यांचा या अपघातात जीव गेला. चौकशीत यंत्राचा दोष निघाला नाही. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेलं लॉक उडण्याआधी काढायचं राहून गेलं होतं. दोघेही कसलेले वैमानिक होते, तरीही विसरले.

यावर वैमानिकांना आणखी कडक प्रशिक्षण द्यायचं किंवा विसरणाऱ्याला शिक्षा ठेवायची, हा मार्ग मोकळा होता. त्याऐवजी उड्डाणाआधी, उड्डाणात, उतरण्याआधी आणि उतरल्यानंतर काय काय बघायचं याच्या छोट्या याद्या तयार झाल्या. हेच विमान पुढे बी-१७ नावाने दुसऱ्या महायुद्धात गाजलं, बारा हजारांहून जास्त बनली. चेकलिस्ट मात्र युद्धापुरती राहिली नाही. आज तुम्ही पुण्याहून दिल्लीला जाता त्या विमानाच्या कॉकपिटमध्येही ती वाचली जाते.

ती हॉस्पिटलमध्ये पोहोचली त्यात एका मराठी आडनावाचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. पेशंट तोच आहे ना, शस्त्रक्रिया नेमकी कुठल्या भागावर आहे, आत वापरलेले कापसाचे बोळे मोजले का, असे अगदी साधे प्रश्न. दिल्लीसह आठ शहरांमधल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर हॉस्पिटलमध्येच होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं.

पण गोष्ट इथे थांबत नाही. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात ही यादी वापरायला सुरुवात झाल्यावर १०१ हॉस्पिटलांचे आकडे तपासले गेले. २०१४ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मृत्यूंमध्ये ठळक अशी घट दिसली नाही. यादी मनापासून वापरणं आणि वरून आदेश आला म्हणून टिक मारणं यात फरक पडतो, असं त्यावर अनेकांनी म्हटलं. घरातही तेच होतं. गावाला निघताना गॅस, गिझर, नळ आणि चाव्या अशी चार शब्दांची चिठ्ठी दारामागे चिकटवली आणि ती दर वेळी मोठ्याने वाचली, तर ती कामाची. चाळीस कलमांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं तर ते आठवड्यात भिंतीचाच भाग होऊन जातं.

लष्कराची आणखी एक सवय कुटुंबांनी उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे काम झाल्यावर एकत्र बसणं. अमेरिकी सैन्यात सरावानंतर 'आफ्टर अ‍ॅक्शन रिव्ह्यू' होतो. ठरलं काय होतं, झालं काय, फरक का पडला आणि पुढच्या वेळी काय करायचं, एवढंच बोलायचं. हुद्दा बाजूला ठेवून शिपायानेही बोलायचं आणि दोष कुणाच्या माथी मारायचा नाही. घरातलं लग्न आटोपल्यावर आपणही बसतो, पण बहुतेकदा मानपान कुणाचा राहिला हे मोजायला.

आता टाळायच्या गोष्टी. पहिली म्हणजे झोप कापणं. २०१७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या दोन युद्धनौका जपान आणि सिंगापूरजवळ व्यापारी जहाजांवर आदळल्या आणि १७ नौसैनिक गेले. नौदलाच्याच आढाव्यात इतर त्रुटींबरोबर थकव्याचंही कारण नोंदवलं गेलं. २०२० च्या अमेरिकी लष्कराच्या तंदुरुस्तीच्या नियमावलीत तर झोपेवर स्वतंत्र भर आहे, डुलकीचीही शिफारस आहे. रात्री एकपर्यंत फोन बघून चारला उठण्यात शिस्त नसते, नुसती झोपेची उधारी वाढते.

दुसरी म्हणजे घरात हुकूम सोडणं. जर्मनीत सक्तीची सेवा होती, तेव्हा तरुणांना लष्करी किंवा नागरी सेवा निवडता यायची. लष्करात गेलेल्यांमध्ये इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती नागरी सेवेत गेलेल्यांपेक्षा थोडी कमी दिसली आणि पाच वर्षांनंतरही तो फरक टिकून होता. बराकीत चालणारा आवाज स्वयंपाकघरात चालत नाही. शिवाय तिथेही अधिकाऱ्यावर बंधन असतंच. देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत प्रत्येक कॅडेटला शिकवलं जातं की देश आधी, मग हाताखालची माणसं आणि स्वतःची सोय कायम शेवटी. स्वतः नऊला उठून मुलांना पाचला उठवणाऱ्या बाबांना यातलं अर्धंच ठाऊक असतं.

राहिला प्रश्न किती दिवस लागतात याचा. २१ दिवसांत सवय लागते हे सगळीकडे ऐकायला मिळतं. लंडनमधल्या एका अभ्यासात ९६ जणांनी रोज एक नवी छोटी गोष्ट करून बघितली, तेव्हा ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतील असं दिसलं. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागण्याचा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. त्यामुळे पाचव्या दिवशी गजर बंद केलेला माणूस सहाव्या दिवशी खुशाल उठू शकतो, बूट तेवढे रात्रीच दाराशी ठेवलेले हवेत.