चांदीच्या दोन रेघा

आमच्या हायस्कुलात विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्याकडे येई. मी एम. ए. इतिहासाचा, पण नववीचे चुंबकत्व शिकवायला काय लागते, अशी माझी समजूत. अशाच एका तासाला मी फळ्यावर लिहून दिले : ज्यावर विद्युतभार नाही, त्यावर चुंबकाचा परिणाम होत नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. घरी कन्नड, शाळेत मराठी, त्यामुळे शब्द जपून वापरणारी. म्हणाली, "सर, खिळ्यावर तरी कुठं भार असतो? तो चिकटतोच की." मी तिला खाली बसवले आणि तास पुढे रेटला.

पुष्कळ वर्षांनी जर्मनीचा इतिहास वाचताना ओटो स्टर्न भेटला आणि ती मुलगी आठवली.

स्टर्नचा जन्म १८८८ चा, वरच्या सायलेशियातल्या झोराऊ गावचा. ते गाव तेव्हा जर्मनीत होते, आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव झोरी आहे. गाव जागेवरच राहते आणि पाटी बदलते, हे आपल्या भागातल्या वाचकाला फोडून सांगायला नको. १९२१ मध्ये स्टर्न फ्रँकफर्टला माक्स बोर्न यांच्या संस्थेत होता. त्या काळी बोर आणि सोमरफेल्ड यांचा सिद्धांत सांगे की अणूतल्या इलेक्ट्रॉनची कक्षा चुंबकीय क्षेत्रात वाटेल तशी कलू शकत नाही, ठरावीक दिशाच घेते. स्टर्नला हे पटेना. त्याने वाद घालण्याऐवजी परीक्षा सुचवली आणि ती पार पाडायला वाल्टर गेरलाख हा हाताचा कसबी माणूस मिळाला.

परीक्षेसाठी चांदीचे अणू घेतले. अणू विद्युतभाररहित असतो, हेच महत्त्वाचे. भार असता तर चुंबकाने त्याला भलतीकडेच वळवले असते. आता अणू हा एक चिमुकला चुंबक आहे असे धरा. क्षेत्र सगळीकडे सारखे असेल, तर त्याच्या एका टोकाला जितकी ओढ तितकाच दुसऱ्या टोकाला रेटा. तो भोवऱ्यासारखा डुलेल, पण जागा सोडणार नाही. क्षेत्र एका बाजूला तीव्र आणि दुसऱ्या बाजूला मंद असेल, तर मात्र हिशेब जुळत नाही आणि अख्खा अणू सरकतो. म्हणून चुंबकाचे एक टोक सुरीच्या धारेसारखे केले, समोरच्याला खाच दिली. भट्टीत सुमारे १००० अंशांवर तापवलेल्या चांदीची वाफ बारीक फटींतून, निर्वात नळीतून, या धारेजवळून जाऊन काचेवर बसायची. जुन्या समजुतीप्रमाणे अणूंची तोंडे सर्व दिशांना असतील, तर काचेवर एक पसरट डाग पडायला हवा होता.

पैशाची ओढ होतीच. बोर्न यांनी सापेक्षतावादावर तिकीट लावून व्याख्याने दिली. न्यूयॉर्कचे बँकर हेन्री गोल्डमन यांनी चेक पाठवला. गंमत सिगारची. स्टर्नच्या आठवणीप्रमाणे काचेवर प्रथम काहीच दिसेना. मग त्याच्या स्वस्त सिगारच्या धुरातल्या गंधकाने चांदी काळी पडली आणि ठसा उमटला. अलीकडे हार्वर्डच्या दोघा शास्त्रज्ञांनी करून पाहिले, तेव्हा नुसत्या श्वासाने भागले नाही, धूरच लागला. १९२२ च्या आरंभी दोघे कंटाळून काम सोडण्याच्या बेतात होते, पण रेल्वेच्या संपाने गेरलाखला एक दिवस अडकवले. त्या रिकाम्या दिवशी त्याने सगळे पुन्हा तपासले आणि काम चालू ठेवायचे ठरवले. फेब्रुवारीत काचेवर दोन रेघा उमटल्या. मध्ये अंतर जेमतेम ०.२ मिलिमीटर. ८ फेब्रुवारीला गेरलाखने बोर यांना त्या ठशाच्या चित्रासह अभिनंदनाचे पोस्टकार्ड धाडले.

मला यातला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. अभिनंदन ज्या सिद्धांताचे केले, तो चुकीचा होता! १९२५ मध्ये ऊलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी इलेक्ट्रॉनला स्वतःचीच फिरकी असते, म्हणजे स्पिन, असे मांडले. (तो खरोखर गरगरतो असे मात्र समजू नये.) चांदीच्या ४७ इलेक्ट्रॉनांपैकी ४६ एकमेकांचे चुंबकत्व खोडून काढतात, उरलेल्या एकाच्या कक्षेचेही चुंबकत्व शून्यच. दोन रेघा त्याच्या फिरकीच्या होत्या. परीक्षेचा निकाल बरोबर आणि पेपर दुसऱ्याच विषयाचा, असा हा प्रकार.

पुढे १९४० मध्ये बर्कलीला अल्वारेझ आणि ब्लॉक यांनी न्यूट्रॉनचे चुंबकत्व मोजले. ज्याचे नावच उदासीन, त्यालाही ते आहे आणि त्याची दिशा फिरकीच्या उलट आहे. म्हणजे भाराची बेरीज शून्य, पण आत काहीतरी भारलेले आहेच. १९६४ नंतर त्याला क्वार्क हे नाव मिळाले.

तोवर स्टर्न जर्मनीत राहिला नव्हता. तो ज्यू, १९३३ मध्ये हिटलर येताच हॅम्बुर्गची खुर्ची सोडून अमेरिकेत पिट्सबर्गला गेला. १९४३ चे नोबेल त्याला मिळाले, ते रेणुशलाकांच्या पद्धतीसाठी आणि प्रोटॉनचे चुंबकत्व मोजल्याबद्दल. त्यात गेरलाखचा वाटा नव्हता. तो जर्मनीतच राहिला होता आणि युद्धाच्या अखेरीस तिथल्या अणुसंशोधनाचा प्रमुख झाला होता.

त्या मुलीचे लग्न होऊन ती कुठे गेली, मला ठाऊक नाही. त्या वर्षीच्या नववीच्या वह्यांत मात्र ते वाक्य तसेच असेल. मी खोडायला सांगितलेच नव्हते.