पुसलेल्या नावांचा शोध

1950 च्या दशकात जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात सायंकाळी मोकळ्या अंगणांत मोठमोठे ध्वनिवर्धक मांडून नृत्याचे जलसे होत. ज्याच्याजवळ इतरांपाशी नसलेली अमेरिकन ध्वनिमुद्रिका असे, त्याच्या अंगणात गर्दी लोटे. कॉक्सन डॉड हा तेथील एक प्रसिद्ध चालक. विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची एक तबकडी त्याच्या हाती लागली. तिच्यावरील नाव त्याने खरवडून काढले आणि ‘कॉक्सन हॉप’ असे आपलेच नाव देऊन तो ती वाजवू लागला. त्याचा प्रतिस्पर्धी ड्यूक रीड याने मूळ नाव हुडकून काढले, तीच तबकडी मिळवली आणि कॉक्सनच्या समक्ष वाजवली. ते ऐकून कॉक्सनला जवळजवळ भोवळच आली, असे सांगतात.

डीजे म्हणजे दुसऱ्याचे संगीत निवडून, एकाला एक जोडून लोकांपुढे मांडणारा मनुष्य. तो स्वतः गात नाही की वाद्य वाजवत नाही. त्याची सारी प्रतिष्ठा त्याच्या शोधावर उभी असते. म्हणूनच या व्यवसायाच्या प्रारंभापासून शोध आणि लपवाछपवी हातात हात घालून चालत आल्या.

जमैकातच जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच डीजे कूल हर्क, याने 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात आपल्या बहिणीच्या मेजवानीत तबकड्या वाजवल्या. हिप-हॉप संगीताचा आरंभ त्या रात्रीपासून मानतात. हर्कही आपल्या तबकड्यांवरील कागदी चकत्या पाण्यात भिजवून काढून टाकीत असे. उत्तर इंग्लंडमध्येही हीच रीत होती. तेथील गिरण्या-कारखान्यांतील तरुण अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांच्या विस्मृतीत गेलेल्या गाण्यांवर रात्रभर नाचत. 1973 ते 1981 पर्यंत चाललेले ‘विगन कसिनो’ हे त्यांचे मुख्य ठिकाण. फ्रँक विल्सन यांचे 1965 चे एक गीत तेथे फार गाजले. परंतु ते एडी फॉस्टर या दुसऱ्याच गायकाच्या नावाने वाजवले जाई. त्या गीताच्या मूळ तबकड्या अगदी थोड्या उरल्या आहेत. त्यांपैकी एक 2009 मध्ये 25,000 पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. विल्सन पुढे धर्मसेवेकडे वळले आणि 2012 मध्ये निवर्तले. ज्या गाण्याने हजारोंची पावले थिरकली, त्यावर कित्येक वर्षे त्यांचे नावही नव्हते.

इंटरनेटवरील दुकाने आली आणि हा क्रम उलटला. 2000 साली केव्हिन लेवांडोव्स्की या अमेरिकन तरुणाने ‘डिस्कॉग्ज’ ही ध्वनिमुद्रिकांची सूची आरंभली. जगभरच्या संग्राहकांनी आपापल्या तबकडीवरील अक्षर न् अक्षर तीत स्वखुशीने उतरवून दिले: गायक, ड्रमवादक, संयोजक, प्रकाशक कंपनी, क्रमांक, वर्ष. पुढे त्याच सूचीला बाजारपेठ जोडली गेली. एके काळी ज्या चकत्या पाण्यात भिजवून नाहीशा केल्या जात, त्यांच्यावरील मजकूर आता कोणालाही वाचता येऊ लागला.

आजचा जाणता डीजे या दुकानांत कसा शोध घेतो, हे पाहण्यासारखे आहे. 2004 साली सुरू झालेल्या ‘बीटपोर्ट’सारख्या दुकानात प्रथम दिसते ती अधिक खपलेल्या गाण्यांची यादी. परंतु जे खपते ते यादीत वर चढते आणि जे वर चढते तेच पुन्हा खपते. त्या यादीवर विसंबणाऱ्या शंभर डीजेंच्या पेटीत तीच शंभर गाणी निघतात. म्हणून कसलेला शोधक यादीकडे पाठ फिरवतो. आवडलेल्या एका गाण्यापासून तो प्रारंभ करतो. त्यात ड्रम कोणी वाजवले हे पाहून त्या वादकाची इतर कामे धुंडाळतो. एखाद्या लहान कंपनीची पहिल्या वर्षापासूनची सर्व प्रकाशने क्रमाने उघडून ऐकतो. 2008 साली सुरू झालेल्या ‘बँडकॅम्प’वर तर एखादी कृती कोणी विकत घेतली आणि त्यांच्या संग्रहात आणखी काय आहे, हेही पाहता येते. एका अनोळखी रसिकाच्या कपाटातून दुसऱ्याच्या कपाटात असा हा प्रवास चालतो. साधने नवी असली तरी चिकाटी मात्र जुनीच लागते.

तथापि, नाव परत मिळाले म्हणजे न्यायही मिळाला, असे मात्र नाही. ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाने 1969 मध्ये ‘आमेन, ब्रदर’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. भक्तिगीताच्या परंपरेतून आलेल्या त्या सुरावटीत ग्रेगरी कोलमन यांनी एकट्याने वाजवलेला ड्रमचा तुकडा जेमतेम सहा-सात सेकंदांचा आहे. डीजेंसाठी काढलेल्या एका संग्रहात 1986 साली तो आला आणि पुढे जगभरच्या हजारो गाण्यांत कापून जोडला गेला. त्याचा मोबदला कोलमन यांना मिळाला नाही. 2006 मध्ये ते बेघर आणि निर्धन अवस्थेत वारले. 2015 साली काही ब्रिटिश चाहत्यांनी इंटरनेटवर वर्गणी गोळा करून सुमारे 24,000 पौंड वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिले. कोलमन यांच्यापुरता हा कृतज्ञतेचा हात नऊ वर्षे उशिरा आला.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. जुनी तबकडी चढ्या भावाने विकली जाते, तेव्हा लाभ होतो तो विक्रेत्याचा. वादकाच्या हाती काहीच पडत नाही. तीच कृती त्याच्या संमतीने पुन्हा प्रकाशित झाली, किंवा त्याच्याकडूनच थेट विकत घेतली, तरच शोधाचे फळ त्याच्यापर्यंत पोहोचते.

असे एक उदाहरण आपल्या मुंबईतही घडले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये जपानी इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर दहा राग डिस्कोच्या तालात बांधले. त्या वेळी त्या ध्वनिमुद्रिकेकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. 2002 मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीतील एका दुकानात सापडली. त्यांनी मुंबईत येऊन वृद्ध वादकाचा ठावठिकाणा काढला आणि 2010 मध्ये ती पुन्हा प्रकाशित केली. शिकागोत 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या नृत्यसंगीताशी तिचे साम्य ऐकून जाणकार थक्क झाले आणि इंटरनेटद्वारे तिची कीर्ती सर्वत्र पसरली. सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांनी त्यानंतर युरोपात जाऊन तरुण श्रोत्यांपुढे तेच राग वाजवले. 2015 मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु टाळ्या त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकल्या होत्या.

नाव पुसणाऱ्या कॉक्सनला आणि वादकाचे घर शोधत येणाऱ्या बाउमनना, दोघांनाही दुर्मीळ संगीताचीच ओढ होती. परंतु पहिल्याने सापडलेले धन आपल्या नावावर केले, तर दुसऱ्याने ते धन्याच्या दारी नेले. आज दुकानातील एका कळीच्या स्पर्शाने डीजेला यांपैकी कोणतीही वाट धरता येते. तेव्हा एखाद्या समारंभात अनोळखी सूर कानी पडून मन प्रसन्न झाले, तर वाजवणाऱ्याजवळ जाऊन मूळ वादकाचे नाव अवश्य विचारावे.