तीन शर्यतींचा एक धावपटू : मांडव्याचा अविनाश साबळे

बीड : पाऊस रुसला की पालीच्या बिंदुसरा धरणाकडे डोळे लावून बसणारा आणि दरवर्षी ऊसतोडीसाठी गावे रिकामी करणारा हा जिल्हा. याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावाने देशाला अविनाश साबळे दिला. स्टीपलचेस, पाच हजार मीटर आणि अर्धमॅरेथॉन या तीन भिन्न शर्यतींमध्ये त्याने राष्ट्रीय विक्रम नोंदविले.

१३ सप्टेंबर १९९४ रोजी जन्मलेल्या अविनाशचे आईवडील शेती करीत आणि वीटभट्टीवर राबत. शाळा सहा किलोमीटरवर. वाहन नसल्याने तो ते अंतर अनेकदा धावतच कापी. बारावीनंतर महाविद्यालयाऐवजी त्याने सैन्याची वाट धरली. महार रेजिमेंटमधून सियाचीन, राजस्थान व सिक्कीम येथे सेवा बजावल्यावर २०१५ मध्ये तो क्रॉसकंट्रीकडे वळला. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याच्यातील स्टीपलचेसपटू हेरला.

तीन हजार मीटरच्या या शर्यतीत २८ अडथळे आणि सात पाणउड्या असतात. धावण्याची लय प्रत्येक अडथळ्यापाशी मोडते आणि ती लगेच पुन्हा साधावी लागते. अर्धमॅरेथॉनमध्ये मात्र २१ किलोमीटर एकच लय टिकवावी लागते. दोन्हींत प्रावीण्य मिळवणारे म्हणूनच विरळा.

२०१८ मध्ये भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ नोंदवून अविनाशने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा विक्रम मोडला. २०२० मध्ये दिल्लीत त्याने अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. २०२२ मध्ये पाच हजार मीटरमधील बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा विक्रमही त्याने मागे टाकला. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूने त्याला अवघ्या ०.०५ सेकंदाने मागे टाकले आणि सुवर्ण हुकले. तरीही ते रौप्य मोलाचे ठरले, कारण १९९८ ते २०१८ या काळात या प्रकारातील तिन्ही पदके केनियाचीच असत.

२०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्ण आणि पाच हजार मीटरचे रौप्य त्याने तीन दिवसांच्या अंतराने जिंकले. जुलै २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांची वेळ दिली. पाठोपाठ झालेल्या ऑलिंपिकमध्ये या प्रकाराची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. तेथे तो अकरावा आला.

२०२५ मध्ये गुमी येथे त्याने आशियाई अजिंक्यपद पटकावले. मात्र जुलैत मोनाको येथे पाणउडीवर गुडघा दुखावला. शस्त्रक्रियेमुळे त्या वर्षीची जागतिक स्पर्धाही हुकली. पायांच्या बळावर उभ्या राहिलेल्या या कारकिर्दीची ती सर्वांत कठोर परीक्षा ठरली.

जिल्ह्यातील मुलांसाठी त्याचा धडा साधा आहे : मैदान नसले तरी शाळेची वाट असतेच. मात्र ती वाट ट्रॅकपर्यंत नेणारा प्रशिक्षकही वेळेवर भेटावा लागतो. अविनाशला तो सैन्यात भेटला.