तळटीप १४ : ‘सिंगल अ‍ॅक्शन’
१४. ज्या रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक बारापूर्वी अंगठ्याने मागे ओढावा लागतो, ते. चाप फक्त चढवलेला घोडा सोडतो. प्रसिद्ध नमुना म्हणजे १८७३ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले, काउबॉयपटांनी घरोघरी पोचवलेले कोल्ट. त्याला सहा कप्पे असले तरी जाणकार पाचच गोळ्या भरत. घोड्याखाली गोळी असली तर नुसत्या धक्क्यानेही बार उडे. वरच्या मजकुरातील ‘एक घर रिकामं’चा अर्थ हाच. मुठीचे लाकूड बदलून घेणे ही निव्वळ हौस. नळी आखूड करणे मात्र शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय गुन्हा, मग हत्यार स्वतःचे का असेना. मजकुरातील गोराई खाडीपलीकडे असली तरी मुंबईतच मोडते, म्हणून परवाना पोलीस आयुक्तांचा. सरावाची ‘रेंज’ म्हणजे वरळीची, महाराष्ट्र रायफल असोसिएशनची. तिथे जायचे तर आधी होडीने बोरिवलीचा काठ गाठायचा. मजकुरातील तीन शस्त्रांची मर्यादा आता जुनी झाली आहे: २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच ठेवता येतात.