डालडा : मधला 'ल' कुणाचा?

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात माझी एक फेरी तुर्भ्याच्या मसाला मार्केटला असते. खारीक, चारोळी, पिस्ते, काजू. यंदा अम्मीच्या यादीत तळाला होतं, 'डालडा एक किलो'. बाहेरच्या किराणा दुकानदाराने न विचारता भलत्याच कंपनीची वनस्पतीची पिशवी पुढे सरकवली. मी म्हटलं, "डालडा मागितला होता." तो म्हणाला, "हाच तर डालडा." त्याचं चुकलं नव्हतं.

तुपाला स्वस्त पर्याय म्हणून घट्ट केलेलं वनस्पती तेल आधी हॉलंडहून येई. ते आणणाऱ्या कंपनीचं नाव होतं डाडा. लिव्हरने १९३१ मध्ये मुंबईत हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली, पुढच्या वर्षी शिवडीच्या कारखान्यात उत्पादन सुरू केलं. डाडावाल्यांना आपलं नाव टिकायला हवं होतं, लिव्हरला आपली खूण हवी होती. शेवटी नावाच्या मधोमध लिव्हरचा 'ल' बसवला आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. म्हणजे जो शब्द आपण जन्मापासूनचा घरचा समजतो, तो दोन कंपन्यांमधली तडजोड आहे!

तुपावर वाढलेल्या लोकांना हे पटवणं सोपं नव्हतं. लिंटास या जाहिरात कंपनीने सिनेमागृहांत फिल्म दाखवल्या, डब्याच्या आकाराची गाडी रस्त्यांवर फिरवली, बाजारात पदार्थ तळून लोकांना खाऊ घातले. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडासारखं झाड. वाचता न येणाराही तो ओळखायचा. रिकामा झाला की त्यात तांदूळ राहायचे, कोथिंबीर उगवायची, नाहीतर तो संडासाचा डबा व्हायचा.

पण नाव जितकं पसरलं तितकं हलकंही झालं. आमच्याकडे लग्नाच्या बिर्याणीबद्दल दबक्या आवाजात विचारलं जायचं, "तुपातली की डालड्यातली?" गरिबी उघडी पाडायला तेवढा प्रश्न पुरे. मला तो तेव्हाही आवडत नसे. १९८३ मध्ये वनस्पतीत आयात केलेली जनावरांची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं. तेव्हा शेजारच्या काकूंना गायीची चरबी असेल म्हणून धास्ती, अम्मीला हलाल-हरामची. दोघींनी काही महिने शेंगदाणा तेलावर काढले.

पुढे रिफाइंड तेलं आली, डॉक्टर ट्रान्स फॅटबद्दल बोलू लागले. २००३ मध्ये लिव्हरने डालडा बंगी या कंपनीला विकला. पाकिस्तानातही डालडा आहे. तिथेही मालक बदलला, नाव तेच. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-वनस्पतीत ट्रान्स फॅट २ टक्क्यांवर चालत नाही, म्हणजे जुना डालडा आता कुणी बनवूही शकत नाही. 'ल' मात्र मधोमध तसाच आहे, लिव्हरचा त्याच्याशी संबंध उरलेला नसताना.

पिशवी घरी आणली. अम्मीने नाव वाचलंसुद्धा नाही. कात्रीने कोपरा कापला आणि सगळं फडताळातल्या जुन्या, झाड पुसट झालेल्या पिवळ्या डब्यात ओतलं.