क्रिप्टोकरन्सी मायनिंगसाठी ग्राफिक्स कार्डची निवड

क्रिप्टोकरन्सी मायनिंग म्हणजे व्यवहारांचा नवा ब्लॉक साखळीस जोडण्याचा अधिकार मिळवण्यासाठी संगणकाने अविरत हॅश काढत राहणे होय. अपेक्षित हॅश ज्यास प्रथम सापडतो, त्यास मोबदला म्हणून नवी नाणी मिळतात. या कामासाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना संगणकीय खेळांसाठीचे निकष उपयोगी पडत नाहीत. चलनाचा अल्गोरिदम, कार्डची मेमरी आणि विजेचा वापर यांवर निवड ठरते. इ.स. २०१५ ते २०२२ या काळातील इथेरियम हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

इ.स. २००९ मध्ये बिटकॉइनचे मायनिंग साध्या प्रोसेसरवर होत असे. २०१० पासून त्यासाठी ग्राफिक्स कार्डे वापरली जाऊ लागली. २०१३ मध्ये केवळ याच कामासाठी घडवलेल्या एसिक चिप आल्या आणि बिटकॉइनपुरती कार्डे निरुपयोगी ठरली. ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या इथेरियमचा 'इथॅश' हा अल्गोरिदम मात्र मुद्दाम असा रचला होता, की त्याची गती आकडेमोडीपेक्षा मेमरी वाचण्यावर अवलंबून राहावी. त्यामुळे एसिकला सहजासहजी वरचढ होता आले नाही.

मेमरी आणि हॅशरेट

इथॅशमध्ये एका हॅशसाठी मेमरीतून १२८ बाइटचा तुकडा ६४ वेळा, म्हणजे एकूण ८,१९२ बाइट, वाचावे लागत. म्हणून कार्डच्या मेमरी बँडविड्थला ८,१९२ ने भागले, की हॅशरेटचा बराच अचूक अंदाज येई. रेडिऑन आरएक्स ५८० च्या ८ जीबी कार्डची बँडविड्थ सेकंदाला २५६ जीबी आहे. त्यावरून येणारे उत्तर ३१ मेगाहॅश असून प्रत्यक्षातही ते कार्ड सुमारे ३० मेगाहॅश देत असे.

महाग कार्ड घेण्यातील फसगत डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आलेल्या दोन कार्डांवरून दिसते. ३९९ डॉलरच्या जीफोर्स आरटीएक्स ३०६० टीआयची बँडविड्थ ४४८ जीबी, तर ९९९ डॉलरच्या रेडिऑन आरएक्स ६९०० एक्सटीची ५१२ जीबी होती. मेमरीचा वेग थोडा वाढवल्यावर दोन्ही कार्डे सुमारे ६० मेगाहॅशच्या घरात येत. महागड्या कार्डातील १२८ एमबीची मोठी कॅश खेळांत उपयोगी पडते. कित्येक जीबींच्या विदेतून यादृच्छिक वाचन करताना तिचा लाभ होत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० वर इथेरियमचा हॅशरेट सुमारे निम्म्यावर आणणारी मर्यादा घातली. त्यानंतर कार्डचे नाव सारखे असले तरी ते मर्यादित आवृत्तीचे आहे का, हे पाहणे आवश्यक झाले.

वीज आणि परतफेड

मेमरीच निर्णायक असल्याने कार्डच्या मुख्य चिपचा वेग कमी करून वीज वाचवता येई. २०० वॅटचे आरटीएक्स ३०६० टीआय १२० ते १३० वॅटवर चालवले, तरी हॅशरेट फारसा घटत नसे. १२० वॅटची सहा कार्डे अहोरात्र चालवल्यास महिन्याला सुमारे ५१८ युनिट वीज लागते. मदरबोर्ड, पंखे व वीजपुरवठा संचातील घट यांची वीज वेगळी. वापराबरोबर युनिटचा दर चढत जाणाऱ्या घरगुती वीजदरात हा फरक मोठा ठरतो. परतफेडीचा हिशेब मात्र आजच्या उत्पन्नावर मांडणे धोक्याचे असते; चलनाचा भाव चढला, की नवे मायनर येतात व प्रत्येकाचा वाटा घटतो.

कालबाह्यता

इथॅशची विदासंचिका आरंभी १ जीबी होती व दर ३०,००० ब्लॉकनंतर सुमारे ८ एमबीने वाढे. २०२० च्या अखेरीस ती ४ जीबीपलीकडे गेली, तेव्हा तेवढीच मेमरी असलेली सुस्थितीतील कार्डे इथेरियमसाठी बाद झाली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगच बंद केले. मायनर इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन अशा लहान चलनांकडे वळले. पण एवढ्या यंत्रसामग्रीस पुरेल इतके उत्पन्न तेथे नव्हते आणि वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने विक्रीस आली. असे कार्ड घेताना पंखे, मेमरीचे तापमान आणि बायोसमधील फेरफार तपासावे लागतात.

भारतातील करआकारणी

१ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के आयकर लागू आहे. मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च संपादन खर्च मानला जात नाही, त्यामुळे कार्डची किंमत या उत्पन्नातून वजा करता येत नाही.