टाउनलँड (आयर्लंड)

आयर्लंडच्या ग्रामीण भागातील भूविभागणीचे सर्वांत लहान परंपरागत एकक. सुमारे ६१,००० टाउनलँड आज नोंदलेले असून त्यांचे स्वरूप आपल्याकडील मौज्याशी काहीसे जुळते. मात्र त्यात वस्ती असलीच पाहिजे असे नाही.

सारा-आकारणी समन्यायी व्हावी, या हेतूने १८२४ मध्ये टॉमस कोल्बी याच्या आधिपत्याखाली मोजणी सुरू झाली, तेव्हा टाउनलँडच्या चतुःसीमा मैलास सहा इंच या प्रमाणावर नकाशाबद्ध झाल्या. १८३० पासून या मोजणीच्या खात्यात असलेल्या जॉन ओडोनोव्हन या व्यासंगी पंडिताने गावोगाव हिंडून, वृद्धांच्या मुखातून नामोच्चार व आख्यायिका टिपून दप्तरी धाडलेली पत्रे हे त्या सरकारी खटाटोपाचे, माझ्या मते, नकाशांहूनही मोलाचे फलित होय. नकाशांवर मात्र नावांची इंग्रजी वळणाची रूपेच रूढ झाली. नावांच्या आरंभीचे ‘बॅली’ वस्तीचे, ‘किल’ बहुधा चर्चचे, ‘नॉक’ टेकडीचे, तर ‘लिस’ आणि ‘राथ’ मध्ययुगीन वर्तुळाकार तटबंद्यांचे निदर्शक असते.

या तटबंद्या परीलोकाच्या अधिवासाच्या मानल्या गेल्याने त्या नांगरण्यास शेतकरी धजत नसत, आणि पुराणवस्तुरक्षणाच्या कायद्यांपूर्वी त्यांपैकी कित्येक या धाकानेच बचावल्या. एकाकी हॉथॉर्न वृक्षाविषयीही हाच समज असून, १९९९ मध्ये क्लेअर परगण्यातील लाटून येथील असे एक झुडूप नव्या महामार्गाच्या कामात राखण्यात आले. अशा दंतकथा १९३७-३९ या काळात प्राथमिक शाळांतील मुलांनी वडीलधाऱ्यांकडून लिहून घेतल्या. तो संग्रह डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहे.